घटना : शून्य

दुसरे रीळ शिवदासने डब्यातच राहू दिले आणि प्रोजेक्टरवर तिसरे चढवले. निर्णय आदल्या दिवशीच झाला होता. चार रिळे, प्रत्येकी चाळीस मिनिटे. दोनला सुरुवात, आणि गोरेगावच्या शाळेचा हॉल साडेचारला साखरपुड्याच्या मंडळींच्या ताब्यात द्यायचा. एक रीळ गाळणे अपरिहार्य होते. शिवदास विज्ञान शिकवतो म्हणून चाळीच्या मंडळाने यंत्र त्याच्याकडे सोपवले होते. त्याने चारही रिळे एकदा चालवून वहीत नोंदी केल्या होत्या. दुसऱ्या रिळापुढे लिहिले होते : कथानकास आवश्यक घटना, शून्य.

पहिल्या रांगेत नाना कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्रेपन्न साली या चित्रपटात त्यांनी गाडीवानाचे काम केले होते. मोठे म्हणावे असे तेवढेच. पुढची तीस वर्षे स्टुडिओंच्या फाटकांवर गेली. चाळीत कुणीही तो चित्रपट पाहिला नव्हता. शेजारी त्यांचा मुलगा बाळा बसला होता. त्याला यायचेच नव्हते. बायकोने, जयाने, ओढून आणले होते.

चौथ्या रिळात गाडीवान आजारी मुलीचे औषध छातीशी धरून पुराच्या ओढ्यात उतरला. शिवदासच्या अंदाजाने इथे हॉल स्तब्ध व्हायला हवा होता. पाणी, काळोख, मरण. लागणारी सर्व सामग्री पडद्यावर हजर होती.

"ओ म्हातारबा, पलीकडनं पूल आहे ना!" मागून कुणीतरी ओरडले.

हॉल हसला. गाडीवान गटांगळ्या खाऊ लागला तशा शिट्ट्या आल्या. सर्वांत मोठा आवाज बाळाचा होता. "नाना, बुडा की लवकर! च्या थंड होतोय."

"गप्प बसा ओ," जया पुटपुटली.

नाना पडद्याकडे पाहत राहिले.

चित्रपट संपला. अंधारासाठी खिडक्यांवर टांगलेली कांबळी उतरली, लोक उठले. बाळाने बापाच्या पाठीवर थाप मारली. "झकास मेलात. याच्यासाठी आम्हाला वाऱ्यावर सोडलंत होय?" उत्तरासाठी न थांबता तो जिना उतरून गेला. त्याच्यामागून जया.

नाना प्रोजेक्टरपाशी आले. बंद डब्यावर त्यांनी हात ठेवला.

"मास्तर, हे राहिलं."

"वेळ पुरत नव्हता, नाना. मी तपासूनच काढलं. त्यात काही घडत नाही. तुम्ही मुलीची वेणी घालता, ती चुकते, पुन्हा घालता. आपल्यातली अर्धी भाकरी तिला देता आणि पोट भरलं म्हणून सांगता. ती झोपली की तिची तुटकी चप्पल शिवत बसता..."

तपशील अचूक होते. तरीही शिवदासचा आवाज शब्दागणिक उतरत गेला आणि वाक्य पुरे झाले नाही.

नानांनी मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं. त्यात मी काहीच करत नाही. नुसता बाप असतो." क्षणभर ते रिकाम्या जिन्याकडे पाहत राहिले. "घरी ते कधी जमलं नाही, मास्तर. बाळाला तेवढंच दाखवायचं होतं."