तोंडानं मागा

श्रावणचा आवाज म्हातारा झाला होता. रुखमाबाईला ते आज, चुलीपुढं बसल्या बसल्या कळलं.

मुदतीच्या तापात तिचे कान गेले तेव्हा तिचा नवरा ऐन पंचविशीत होता. इतकी वर्षं तिच्या मनात तोच खणखणीत आवाज बोलत राहिला. आणि इकडे खरा आवाज तिच्या माघारी घोगरा होऊन गेला, बोलताना मधेच खोकायलाही लागला. तिला त्याची माया आली आणि रागही आला.

रेल्वेतला लेक धर्मपाल सकाळच्या मोटारीनं नागपूरला परत गेला होता. जाताना आईच्या कानात ऐकायच्या यंत्राची बोंडी बसवून, वायर डबीला जोडून, चक्री कशी फिरवायची ते दाखवून गेला. पण डबी ठेवायची कुठं? पुरुषाच्या सदऱ्याला खिसा असतो. रुखमाबाईनं दुपारी चोळीला आतून खिसा शिवला. आता जरा हललं की लुगडं डबीवर घासायचं आणि कोणी कानात सूप पाखडतंय असं वाटायचं. म्हणून भाकर थापायची थांबवून, अंग चोरून ती ओट्यावरचं बोलणं ऐकत होती.

ओट्यावर श्रावण शेजारच्या मारोतीला, तो कामाला होता त्या कापसाच्या जिनातली गंमत सांगत होता. "नवा साहेब चढला ना गड्या कापसाच्या गंजीवर! म्या म्हणलं, साहेब, पाय जपून. आयकते कायले? सारा आत गेला, अन् वरती नुसती टोपी!"

मारोती खो खो हसला. रुखमाबाईही हसली, एकटीच, तोंडाला पदर लावून. मग तिचं हसू मावळलं. रोज संध्याकाळी तिच्याच दारात अशी पंगत उठत होती आणि ती भिंतीअलीकडं उपाशी बसत होती. तिच्या वाट्याला श्रावणचे हात तेवढे यायचे. बोटं तोंडाशी नेली की भाकर, अंगठा ओठाला लावला की पाणी, तळहात गालाला टेकवला की अंथरूण. संसार त्यावर चालला, नाही कसं म्हणावं? पण साहेबाची टोपी काही हातानं सांगता येत नाही.

मारोती घरी गेला. श्रावण आत येऊन पाटावर बसला, तिला हादऱ्यानं कळावं म्हणून सवयीनं टाच आपटली आणि बोटं तोंडाशी नेली.

रुखमाबाई हलली नाही. "तोंडानं मागा," ती म्हणाली.

श्रावण गोंधळला. मग त्याला यंत्र आठवलं. तिच्या कानाशी वाकून तो ओरडला, "भाकर वाढ!"

डबी किंचाळली. रुखमाबाईनं कान दाबून धरला. "वरडू नका. मले आयकू येते आता. मारोतीभाऊसंग बोलून राह्यले होते ना, तसं बोला माह्यासंग."

तिनं डबी काढली आणि वायर पुरेल तितकी त्याच्यापुढं धरली. फोटो काढायला बसवल्यासारखा श्रावण एकदम ताठ झाला. सदऱ्याची वरची गुंडीही लावली. ओट्यावर ज्याचं तोंड मिटत नव्हतं, त्याची घरात दातखीळ बसली.

"काय बोलू?" त्यानं विचारलं.

"काहीबी."

"मारोतीले सांगाले काही लागत नाही वं. त्याले कालचं ठाऊक, परवाचं ठाऊक." तो अडखळला. "तुले तं समदंच सांगाचं राह्यलं. कुठून सुरू करू?"

त्याचा हात आपोआप वर आला. रुखमाबाईनं तो मधेच धरला, खाली घेतला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला. डबीत नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिनं आवाज वाढवत चक्री शेवटपर्यंत फिरवली आणि वाट पाहत बसली.