गिअर सुटला होता

"आधी मला सांगा, या ट्रकचा गिअरबॉक्स कोणता आहे," उज्ज्वला म्हणाली. "इंजिनाचं नंतर बघू."

रघुनाथ मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या हायवेवर तीस वर्षं गॅरेज चालवताना हा प्रश्न त्याला कुणा बाईनं विचारला नव्हता. क्रेननं ओढून आणलेला तो जुना ट्रक दोन वर्षं उन्हापावसात उभा होता. टायर बसले होते. बोनेटमध्ये चिमण्यांनी घर केलं होतं.

"कोठली शे माय तू?" तिच्या बोलण्यातला खानदेशी ढंग ओळखून त्यानं विचारलं.

"धरणगावची. आता गोडादऱ्याला असते. साड्यांना लेस लावते."

"आणि हे धूड?"

"मालकानं भंगारात घातलं होतं. तोडायच्या आत मी घेतलं."

"एवढे पैसे?"

"विम्याचे आले होते एकदा. घरात ठेवावेसे वाटत नव्हते."

मग तिनं खटल्याची हकीकत सांगितली. पुलाच्या उतारावर ट्रक आवरला नाही आणि त्याखाली एक माणूस गेला. ड्रायव्हर भिकन तुरुंगात आहे. कोर्टात तो एकच सांगत राहिला, गिअर सुटला होता. तपासणाऱ्यांनी उभ्या, रिकाम्या गाडीत गिअर टाकून बघितले, सगळे पडले. मालकानं शपथेवर सांगितलं की गिअरबॉक्स गाडीबरोबर आला तोच आहे, कधी उघडलेला नाही. आता वरच्या कोर्टात अपील आहे.

"खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडं बदलून बोलतो," ती म्हणाली. "भिकन एका शब्दानं बदलला नाही. मी प्रत्येक तारखेला बसून ऐकलंय."

ती नाव किती सहज घेते, याचं रघुनाथला नवल वाटलं. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, अजून एकदाही त्याला नावानं हाक मारली नव्हती. सुरतेत राहून बायका धीट झाल्या, असं मनाशी म्हणून त्यानं विषय सोडला.

"गाडी बघतो. पण कोर्टात येणार नाही," तो म्हणाला. "तो मालक इथल्या निम्म्या गॅरेजना काम देतो. मलाही देतो."

"बरं," ती म्हणाली. तिनं आग्रह केला नाही.

गिअरबॉक्सवर नावाची पट्टी नव्हती. रघुनाथनं तो खाली उतरवला आणि डिझेलनं धुतला. दोन थर रंग खरवडल्यावर ओतीव आकडे दिसले, पण अर्धवट. मग त्यानं दुसरा मार्ग धरला. तिसरा गिअर टाकला, पुढचा दांडा हातानं फिरवला आणि मागचा दांडा एक फेरा पुरा करेपर्यंत किती वेळा फिरवावा लागतो ते मोजलं. दोनदा मोजलं. जुन्या वहीतले आकडे ताडून बघितले.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वला आली तेव्हा तो वरचं झाकण मांडीवर घेऊन बसला होता.

"हा डबा या गाडीचा नाहीच. हलक्या ट्रकचा आहे. आणि हे झाकण तिसऱ्याच गाडीचं." त्यानं बोट आत घातलं. "या गोळ्या आणि स्प्रिंगा गिअरला जागेवर धरतात. इथे खाचा एकीच्या आणि गोळ्या दुसरीच्या. रिकामी गाडी चालेल. भरलेली गाडी उतारावर ढकलायला लागली, की सोडून देईल."

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"खात्री करायची तर गाडी चालली पाहिजे."

गिअरबॉक्स होता तसाच, काही न बदलता त्यानं परत बसवला. मग इंजिन घेतलं. टाकीतलं पाणी काढलं. सिलिंडरमध्ये तेल सोडून दोन दिवस मुरू दिलं आणि पहारीनं थोडंथोडं फिरवत जाम सोडवला. ऑइल, फिल्टर, हेडचं पॅकिंग बदललं, ब्रेक बघून घेतले. उज्ज्वला काम आटोपून यायची आणि नटबोल्ट पुसत बसायची. केबिनमध्ये दोन लहान मुलींचा फोटो सापडला, तो तिनं पदरानं पुसला आणि बराच वेळ बघत राहिली.

नवव्या दिवशी इंजिनानं पांढरा धूर ओकला, खोकलं, आणि मग एका लयीत चालू लागलं. रघुनाथ हसला. उज्ज्वला दोन पावलं मागे सरकली होती.

रविवारी सकाळी त्यानं ट्रकमध्ये रेतीची पोती भरली आणि तो कालव्याच्या बांधावर नेला. तिथून खाली जाणारा रस्ता ओसाड होता. उताराच्या शेवटी त्यानं रेतीचा ढीग घालून ठेवला होता. मोबाइलचा कॅमेरा चालू करून काचेसमोर लावला.

"तू खाली थांब."

"नाही. मला आत बसून बघायचंय."

ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये उतरू लागला. अर्ध्या उतारावर दांडा थरथरला आणि खाटकन सुटून मधे आला. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, गाडी मात्र सुसाट निघाली. रघुनाथनं सगळा भार टाकून ब्रेक दाबला. एवढ्या ओझ्यापुढे ब्रेक पुरेना. उज्ज्वला समोर बघत होती, डोळे न मिटता. रेतीच्या ढिगात चाकं रुतली तेव्हा कुठे ट्रक थांबला.

रघुनाथनं इंजिन बंद केलं.

"काहीच करता आलं नसणार त्याला," ती पुटपुटली, आणि मग तिला रडू फुटलं.

रघुनाथनं काचेसमोरचा मोबाइल काढून घेतला. "मी येतो कोर्टात," तो म्हणाला. "काम गेलं तर गेलं. रडू नको माय. तुझा माणूस आता घरी येतो बघ."

उज्ज्वलानं डोळे पुसले. "भिकनच्या बायकोला तुम्हीच कळवा, भाऊ. मी गेले तर ती दार उघडायची नाही."

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी पुलाच्या उतारावर या ट्रकनं ज्याला चिरडलं," ती म्हणाली, "तो माझा नवरा होता."