चौथा ट्रॅक्टर

मोठ्या दिराने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“गरम आहे,” तो धाकट्या भावाला म्हणाला. “आपण यायच्या आधी चालू करून ठेवलाय. थंड असला की सुरूच होत नसणार. चल.”

धाकटा निघायला वळलासुद्धा. त्याची बायको मात्र जागची हलली नाही.

हा चौथा ट्रॅक्टर. पहिल्याचा आवाज दिराला फाटका वाटला होता. दुसऱ्याचे टायर आवडले नव्हते. तिसऱ्यात काहीच सापडेना, तेव्हा त्याने मालकात खोट काढली. त्याची नजर म्हणे बरी नव्हती. घरात ट्रॅक्टरमधलं कळतं ते एकट्या दिराला, कारण ट्रॅक्टर होता तो एकट्या दिराकडे. धाकट्याचं शेत तोच नांगरून द्यायचा, भाडं घेऊन आणि बाकी सगळ्यांची शेतं उरकल्यावर. तोवर पेरणीचे दिवस सरत आलेले असत. धाकट्याच्या दारात ट्रॅक्टर आला की हे हक्काचं गिऱ्हाईक जाणार. पाणी इथेच मुरतंय, अशी तिची खात्री होत चालली होती.

ट्रॅक्टर रोपवाटिकेच्या मालकाचा. तो शेडच्या दाराशी हाताची घडी घालून या तिघांकडे आळीपाळीने पाहत होता. यातलं गिऱ्हाईक नक्की कोण, हेच त्याला उमगत नव्हतं.

“सकाळपासून उन्हात आहे तो,” मालक म्हणाला. “इतका वेळ उन्हात उभं राहिलं तर तुमचंही डोकं तापेल.”

“माझं तापलेलंच आहे,” दीर म्हणाला.

ती वाकली. बॉनेटच्या खालून हात घालून, ऊन पोचत नव्हतं तिथे, इंजिनाच्या पोटाला तिने तळवा टेकवला. लोखंड पहाटेच्या नळासारखं गार होतं.

“भाऊजी, खाली गार आहे.”

“हिला सांग,” दीर भावाला म्हणाला, “इंजिन म्हणजे दूध नव्हे, बोट लावून बघायला.”

“मग तुम्ही मघाशी हात लावून काय बघितलंत?”

मालकाला एकदम खोकला आला. खोकता खोकताच त्याने खिशातून किल्ली काढली आणि दिराच्या पुढ्यातून हात नेऊन तिच्यासमोर धरली. “बसा वर. गिअर मोकळा आहे. फिरवा.”

ती चढून बसली. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा ठसकलं, काळ्या धुराचा लोट सोडला आणि लागलं. शेडचा पत्रा थरथरू लागला. थोड्या वेळाने धूर विरळ झाला, आवाज एका लयीत आला.

“धूर बघितलास?” दीर आवाज चढवून भावाला म्हणाला. “किती काळा!”

“साहेब, एक काय ते ठरवा,” मालक म्हणाला. “आत्ताच तर गरम म्हणालात. गरम इंजिन सुरू होताना असा धूर ओकत नाही.”

दिराने त्याच्याकडे पाहिलं. तो ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेला आणि तिथे जोडलेल्या नांगराशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

“लहान आहे,” तो तिथूनच म्हणाला.

“लहान शेताला लहानच हवा. तुमचे मोठे ट्रॅक्टर वळायला जागा खातात. हा अगदी कडेपर्यंत जातो.”

“कडेपर्यंत?”

“कडेपर्यंत.”

तिने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. आता कोणती खोड निघते याची ती वाट पाहत होती. उत्तरं तयार होती.

दीर हात झटकत उठला. “घ्या,” तो म्हणाला. “हौस आहे तर घ्या. पण बांधालगतचं मात्र मीच नांगरून देत जाईन. नव्या हाताने बांध फुटतो.”

“आणि भाडं?” तिने विचारलं.

“छे! भावाकडून कसलं भाडं?”

इतक्या वर्षांत या माणसाने कधी डिझेलचा थेंबही सोडला नव्हता.

नवऱ्याचा चेहरा फुलला. विसार देताना तो मालकाला दोनदा म्हणाला, की दादा होता म्हणून व्यवहार नीट झाला. दादाने मोटारसायकलला लाथ मारली आणि तो पुढे निघून गेला. ही दोघं बसच्या थांब्याकडे चालू लागली.

“बघ,” नवरा म्हणाला. “उगाच संशय घेत होतीस त्याच्यावर. भाड्यासाठी अडवतो म्हणे. फुकट देतोय की नांगरून!”

“फक्त बांधालगतचं.”

“तेच तर अवघड असतं.”

तिची पावलं मंदावली. “तुमची वाटणी झाली तेव्हा बांध कुठून धरला होता हो?”

“वाकड्या झाडावरून. वडील त्याला पाठ टेकून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, या हाताचं थोरल्याचं, या हाताचं धाकट्याचं.” तो हसला. “मोजणी नाही, काही नाही. झाली वाटणी.”

“मी बांधावर कसं पाहिलं नाही ते झाड? तोडलं का?”

“तोडेल कोण? आहे की अजून. दुपारी दादा त्याच्याच सावलीत तर आडवा होतो. चारी बाजूंनी त्याचं पीक, मधे...”

तो बोलता बोलता थांबला. मग चालायचाही थांबला.