मूळ निघाली

तिला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात नुकत्याच खरवसाच्या वाट्या पडल्या होत्या, तेवढ्यात आतल्या खोलीतला कॉम्प्युटर वाजला. महिनाभर तो एक अगडबंब संख्या तपासत बसला होता. अर्धवट नेसलेल्या साडीतच केतकी धावत बाहेर आली आणि आईला धरून तिने एक गिरकीच घेतली.

"आई, मूळ आहे गं. मूळच निघाली."

मुलाच्या आईचा चमचा हवेत थांबला. "पत्रिकेत तर रेवती लिहिलंय. आणि मूळ नक्षत्राची सून म्हणजे सासऱ्याच्या मुळावर." आपल्या यजमानांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू हा त्यांचा शेवटचाच खरवस.

"नक्षत्र नाही हो, मूळ संख्या." केतकीला हसू आवरेना. "एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही हिला."

"म्हणजे हट्टी," मुलाची आई म्हणाली.

इतका वेळ फरशी न्याहाळत बसलेल्या मुलाने मान वर केली. "किती अंकी?"

"लाखाच्या वर अंक आहेत."

"आपल्या दोघांत सारखी वाटली तर?"

"एक उरेल," ती विचार न करता बोलून गेली.

"उरू दे की. पुढेमागे तो घ्यायला कुणीतरी येईलच."

केतकीचे कान तापले. दोन्ही आया एकदम खोकल्या.

"मग मला अजून बरीच वर्षं काढायला हवीत," असं म्हणत सासऱ्यांनी रिकामी वाटी पुढे केली.