पहिल्या अंगाईचा आवाज

जागतिक गीतस्पर्धेसाठी देशाचं गाणं निवडायला बसलेल्या पाचांपैकी चार परीक्षक डोळे पुसत होते. गाणं एकच होतं, पण कानाला लावलेलं नवं यंत्र प्रत्येकाच्या मेंदूतून त्याला पहिली अंगाई गाणाऱ्याचा आवाज हुडकून काढायचं आणि त्याच आवाजात ते ऐकवायचं.

पाचव्या उज्ज्वलाताईंनी मात्र कानयंत्र टेबलावरच ठेवलं होतं. "माझा नकार लिहून घ्या. माझ्यासारख्या अनाथाश्रमात वाढलेल्या पोरांनी काय ऐकायचं? स्पर्धेच्या रात्री टीव्हीसमोर बसून नुसती शांतता?"

"न ऐकता नकार देता येत नाही, ताई," अध्यक्ष ढवळीकर अजिजीने म्हणाले.

उज्ज्वलाताईंनी रागारागाने यंत्र कानाला लावलं. आधी खोकल्याची उबळ ऐकू आली. मग एक घोगरा, बेसूर पुरुषी आवाज गाऊ लागला.

त्या ताठ झाल्या. हा तर आश्रमातला आचारी, गेनूमामा! चतकोर भाकरी जास्त मागितली की उलथनं उगारायचा. तो कधी कुणाशी गोड बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

गाण्याची वेळ संपली तसं ढवळीकरांनी विचारलं, "मग काय लिहू, ताई?"

उज्ज्वलाताईंनी यंत्र दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबून धरलं.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "मला अजून झोप लागली नाहीये."