संशय कोणावर?

शेवटचं कधी पाहिलं?

"सकाळी. चहा संपला होता, म्हणून मी कॉफी केली. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि गेले. कॉफी तशीच. वर साय धरली तिच्या."

'कॉफी' या शब्दापाशी हवालदाराचं पेन अडखळलं. त्यानं मान वर करून काकूंना नीट न्याहाळलं. काकू ठाण्यातल्या डुगडुगत्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वाचनालयाचं पुस्तक. ठाण्यात ताटकळावं लागतं, हे त्यांना वाचून माहीत होतं.

हरवलेल्या माणसाचा व्यवसाय?

"शिलाई मशिनं दुरुस्त करतात. घरीच, पुढच्या खोलीत. दुपार कलली, भाऊ, मशीन पोट उघडं टाकून पडलंय. हा माणूस मशीन उघडं असताना जेवायलासुद्धा उठत नाही हो." इथे काकूंचा आवाज कापला. त्यांनी तो खाकरून सरळ केला.

घरात काही भांडण?

"भांडायला बोलावं लागतं. यांच्या तोंडात कायम स्क्रू. ओठांत धरून ठेवतात, हरवू नयेत म्हणून. मी समोर बसून वाचते. वाचनालयवाली देईल ते. कादंबरी म्हणू नका, खऱ्या खुनांची पुस्तकं म्हणू नका. वाचता वाचता आपलं मत सांगते. 'अहो, ही नायिका आली तेव्हापासून खिडकीत उभी आहे, हिच्या घरी भांडी पडत नाहीत का?' तर म्हणे, हं. 'अहो, या पुस्तकात नवरा फार छान वागतो, म्हणजे मरणार बघा.' हं. आणि मेलाच तो! तरी हं. इतकी वर्षं मी भिंतीशी बोलतेय. भिंतीला निदान कान असतात म्हणे."

(हवालदार हसला नाही. एरवी हसला असता.)

कोणावर संशय?

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. या प्रश्नासाठीच त्या केव्हाच्या सरसावून बसल्या होत्या.

"हे मला विचारायचंच नाही! संशय माझ्यावर घ्यायचा. सगळ्यात आधी बायको. मग भागीदार. यांना भागीदार नाही, म्हणजे उरलं कोण? आणि तुम्ही मला खुर्ची दिलीत, पाणी विचारलंत. किती चुका कराल? परवाच एक वाचलं, अगदी खरं घडलेलं. त्या पोलिसांनीही त्या बाईला असंच 'बसा हं ताई' केलं. नवरा तिकडे तळघरात. अर्थात ती बाईसुद्धा गधडीच."

"का?" हवालदारानं हळूच विचारलं.

"विष घातलं ते चहात! चहात कडू लगेच जिभेला लागतं. कॉफी मुळातच कडू. मी तेव्हाच म्हटलं, मी असते तर कॉफी केली असती."

(पेन खाली.)

"हे तुम्ही… मोठ्यानं म्हटलंत?"

"मग काय मनात म्हणू? यांच्या तोंडावर म्हटलं. हं, म्हणाले."

मागच्या बंद दारापलीकडे काहीतरी खणकन पडलं आणि घरंगळत गेलं.

"उंदीर पाळलेत वाटतं," काकू म्हणाल्या. पण हवालदार उठला, त्यानं दार उघडलं. आतल्या बाकावर काकूंचा नवरा बसला होता. हातात ठाण्यातला चहाचा पेला. पेला रिकामा, जमिनीवर एक स्क्रू.

"हे सकाळपासून इथंच आहेत," हवालदार म्हणाला. "बायको खून करणार म्हणून तक्रार घेऊन आलेत. मी हसून बसवून ठेवलं होतं. तुम्ही आलात, म्हटलं, आधी तुमचीही बाजू ऐकावी." त्यानं काकूंच्या पिशवीकडे एकदा पाहिलं. "ऐकली."

काकू उभ्या राहिल्या. आधी त्यांचे डोळे भरले. मग नाक लाल झालं.

"अहो! इकडे माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही माझ्यावर तक्रार?"

नवरा बाकावर मागे सरकला. तोंडात स्क्रू नव्हते, त्यामुळे शब्द भडाभडा बाहेर आले:

"करू नाही तर काय तूच म्हणालीस कॉफी बरी आणि आज कॉफीच पुढं केलीस त्या फ्रीजवाल्या खुन्याबद्दल म्हणालीस फ्रीज लहान होता हीच त्याची चूक आणि लगेच हट्ट धरून मोठा फ्रीज घेतलास जिन्यावरून सासऱ्याला ढकलणारा तो वकील त्याला म्हणालीस मेल्या आधी जिन्यातला दिवा काढायचा आणि आपल्या जिन्यातला दिवा गेलाय तो गेलाच आणि ती बेटावरची कादंबरी तिच्यात खुनी डॉक्टर नव्हेच नर्सच हवी होती तिलाच सगळ्यांची झोपायची वेळ ठाऊक लेखकाला कळलं नाही पण मला पहिल्या धड्यातच कळलं असंही तूच म्हणालीस!"

तो धापा टाकत थांबला. काकूंचा हात तोंडावर गेला होता. बेटावरची कादंबरी मागच्या उन्हाळ्यातली. नर्सचं तर त्या स्वतःच विसरल्या होत्या.

हवालदारानं नवा कागद घेतला. त्याचा आवाज आता सरकारी झाला होता. "बाई, विचार करून उत्तर द्या. हे सगळं तुम्ही बोललात?"

काकू बाकाशी गेल्या, नवऱ्याला खेटून बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "शब्दन् शब्द! लिहून घ्या, भाऊ. एक अक्षरसुद्धा गाळू नका."