पेट्रोलचा कॉक

मेकॅनिक शकूरभाईंनी येझदी मोटारसायकलचा कार्बोरेटर उघडला आणि खालची वाटी तिच्यासमोर धरली. तळाला पिवळा चिकट थर बसला होता.

"पेट्रोल आतच सुकलं, ताई. साहेब गेल्यापासून अकरा महिने टाकीखालचा कॉक उघडाच राहिला. साहेब असं करणारे नव्हते."

नव्हताच. तिचा नवरा गल्लीच्या तोंडाशीच कॉक बंद करायचा. उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत यायची आणि आपसूक बंद पडायची. लगेच परत निघायचं असेल तरच तो कॉक उघडा ठेवायचा.

त्या दुपारी गाडी दारात लावून घरात येऊन त्यानं विचारलं होतं, "येतेस का गं, एक चक्कर मारून येऊ?" मेथी निवडता निवडता, मानही वर न करता ती म्हणाली होती, "आत्ता? काहीतरीच तुझं." "बरं," म्हणून तो जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. त्यानं सहज विचारलं असेल, असंच ती आजवर धरून चालली होती.

"फ्लोट, जेट, कॉक, सगळं नवंच घालू ना? गिऱ्हाईकाला चालू गाडी हवीय म्हणालात."

"घाला."

रडू येईल म्हणून ती जरा थांबली. आलं नाही. शकूरभाईंनी वाटी पेट्रोलमध्ये बुडवून फडक्यानं पुसली. थर निघून गेला. मग नवा कॉक त्यांनी तिच्या हातात दिला.

"बघून घ्या. आत्ता बंद आहे."

तिनं तो अंगठ्यानं फिरवून उघडला आणि तसाच परत दिला.